पथ्य सगळ्या घराचे

रात्री दोन वाजता छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, श्वास पुरेनासा होतो. घरातले सगळे जागे होतात. रिक्षा बोलावून जवळचे रुग्णालय गाठले जाते. ईसीजी निघतो, रक्तदाब मोजला जातो आणि तासाभराने तरुण डॉक्टर हसून सांगतात, ‘तुम्हाला काही झालेले नाही. टेन्शन घेऊ नका.’ घरी परतल्यावर पत्नी तेच सांगते. दुसऱ्या दिवशी भाऊ फोनवरून तेच सांगतो, शेजारच्या काकाही तेच सांगून जातात. आठवडाभरात हे वाक्य वीस वेळा कानांवर पडते. त्या माणसाच्या मनात मात्र मूळच्या चिंतेवर आणखी एक चिंता चढते. काहीच झालेले नसेल, तर मग हे होते तरी काय?

मराठी मध्यमवर्गीय घरांतून सर्वाधिक दिला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी ठरलेला वैद्यकीय सल्ला जर कोणता असेल तर तो हाच. टेन्शन कोणी हौसेने घेत नाही. घेण्यासारख्या गोष्टी वेगळ्याच असतात: दिवसातला सातवा चहा, रात्री साडेदहाचे जेवण, अंथरुणात पडल्यापडल्या हातात धरलेला मोबाइल. त्यांविषयी बोलायला सहसा कोणी तयार नसते, कारण त्यांविषयी बोलायचे म्हणजे सगळ्या घराला आपली घडी बदलावी लागते. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणण्यात ती अडचण नाही.

प्रश्न किरकोळ नाही. २०१७ सालच्या स्थितीवर आधारलेल्या एका व्यापक अभ्यासाने भारतात चिंताविकाराने ग्रस्त असलेल्यांची संख्या ४ कोटी ४९ लाख असल्याचा अंदाज मांडला. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात याहूनही अस्वस्थ करणारी बाब पुढे आली होती. निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. रुग्णालये कमी, मनोविकारतज्ज्ञ कमी, हे खरेच. पण जिथे दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत, त्या पुण्या-ठाण्यातही ‘लोक काय म्हणतील’ या एका विचाराने किती पावले उंबरठ्यावर अडतात, याचा हिशेब कोणत्याही सर्वेक्षणात नसतो.

चिंता स्वतः काही शत्रू नव्हे. मुलीला घरी यायला उशीर झाला की आईचा जीव खालीवर होतो, परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला झोप लागत नाही, यात विकार काही नाही. संकटाची चाहूल लागताच शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने धावू लागते, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. वाघ समोर आला तर हे सारे उपकारकच ठरेल. अडचण अशी, की वाघ नसतानाही शरीर तसेच सज्ज राहू लागते. कर्जाचा हप्ता, मुलाच्या कंपनीतील कपातीची बातमी, उद्याची बैठक, न आलेला फोन. प्रत्येक वेळी तीच घंटा वाजते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला हा अनुभव चांगलाच ठाऊक असला पाहिजे. घंटा महिनोन्महिने वाजत राहिली, कामात लक्ष लागेनासे झाले, झोप उडाली, माणसांत जाणे नकोसे झाले, की तो चिंताविकार होय.

या घंटेवर आहार-विहाराचा काही परिणाम होतो का? होतो. तो किती होतो, हे मात्र तारतम्याने सांगायला हवे. कारण या विषयात एका टोकाला ‘हे सगळे मनाचे खेळ, खाण्याशी काय संबंध?’ म्हणणारे आहेत, तर दुसऱ्या टोकाला कोणत्याही दुखण्यावर एखादे चूर्ण आणि एखादे आसन यांचा उतारा सांगणारे आहेत. दुसऱ्या टोकाची मंडळी परंपरेचा हवाला देतात. म्हणून परंपरा काय सांगते तेही पाहिलेले बरे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्याच अध्यायात उपचारांचे तीन प्रकार सांगताना औषध व आहाराची योजना करणारी युक्तिव्यपाश्रय चिकित्सा आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणारी सत्त्वावजय चिकित्सा ही दोन स्वतंत्रपणे मांडली आहेत. म्हणजे अन्नाने मन सुधारले की काम भागले, असे त्या शास्त्रकारांनीही मानलेले नाही. मनाच्या दुखण्याला मनाचा उपचार त्यांनी वेगळा राखून ठेवला. आजचे उत्साही प्रचारक नेमके तेवढेच विसरतात.

सुरुवात चहापासून करावी, कारण महाराष्ट्रात तो आहारात मोजलाच जात नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. आता सामाजिक कार्यकर्त्याचा एखादा रविवार डोळ्यांसमोर आणावा. सकाळी घरचा एक, मग संपर्कासाठी पाच घरे, प्रत्येक घरी ‘अहो, अर्धा कप तरी घ्या’, दुपारच्या बैठकीत एक, संध्याकाळी कार्यक्रम आटोपल्यावर कट्ट्यावर आणखी एक. आठ कप सहज होतात. त्यांतले कॅफीन २४० ते ५२० मिलिग्रॅम! चहाला नाही म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान, अशी आपली समजूत असल्याने हा माणूस रात्री थकलेला असूनही जागा राहतो आणि सकाळी उठवत नाही म्हणून पुन्हा चहाच घेतो.

कॅफीन निम्मे उतरायला सरासरी पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या कपाचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. निरोगी माणसाला हे खपून जाते. ज्याला भीतीचे झटके येतात त्याला खपत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-समीक्षेत असे दिसले, की पाच कप कॉफीइतके कॅफीन दिल्यावर भीतीच्या झटक्यांचा विकार असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना झटका आला. कॅफीनविरहित पेय घेतलेल्यांपैकी एकालाही आला नाही. चहाच्या एखाद्या कपाने असे होईल असा याचा अर्थ नाही. पण ज्याची घंटा आधीच हळवी झाली आहे, त्याने दोन कपांवर यावे आणि दुपारी तीननंतर चहा घेऊ नये, एवढे सांगायला हा पुरावा पुरेसा आहे. चहा एकदम सोडू मात्र नये. दोन दिवस डोके दुखते आणि मग सारा संकल्प बारगळतो. आठवड्याला एकेक कप कमी करीत जावे. तंबाखू आणि मशेरीचीही गत तीच. त्यांनी क्षणभर बरे वाटते, पण निकोटिन हृदयाची गती वाढवतेच. आणि सुशिक्षित वर्गात ‘ताण हलका करण्यासाठी’ म्हणून शिरलेले मद्य रात्रीची धास्ती घालवते खरे, पण पहाटे ती दामदुपटीने परत करते.

जेवणाचे म्हणाल तर ताटात काय आहे, यापेक्षा ताट केव्हा वाढले जाते, हा आज मोठा प्रश्न झाला आहे. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी डबा वेळेवर उघडला तर उघडला, संध्याकाळी वडापाव आणि रात्री साडेदहाला दिवसातले पहिले पोटभर जेवण, ही शहरी नोकरदाराची चाकोरी. दीर्घकाळ पोट रिकामे राहिले की काहींना हात थरथरणे, घाम येणे, धडधडणे असा त्रास होतो, आणि चिंताविकाराच्या रुग्णाला ती झटक्याचीच सुरुवात वाटते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याच्या बाबतीत तर ती साखर धोकादायकरीत्या उतरल्याची खूण असू शकते. आठवड्याचे दोन उपवास रिकाम्या पोटी चहा आणि साबुदाण्याच्या खिचडीवर काढणाऱ्यांनीही जरा विचार करावा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच तर राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक, फळे यांना आपल्या परंपरेत मज्जाव नाही.

यासाठी परदेशी फळांच्या मागे धावण्याचे कारण नाही. ज्वारीची वा नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी किंवा शेपूची भाजी, वाटीभर ताक, मूठभर शेंगदाणे, एखादे केळे: हे ताट आजीच्या ओळखीचे आहे आणि आहारतज्ज्ञही त्यात फारसे काही बदलणार नाहीत. शाकाहारी कुटुंबांनी मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली; २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांत नसते. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. त्याच्या कमतरतेने थकवा, हातापायांना मुंग्या, चिडचिड अशी लक्षणे दिसतात. रक्त कमी असले तरी धडधडते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गलग्रंथी अधिक काम करू लागली तरी घाम, थरथर, अस्वस्थता हेच चित्र असते. म्हणून ‘टेन्शन’चा शिक्का मारण्याआधी रक्त, ब-१२ आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च एका रात्रीच्या धावपळीहून अधिक नाही.

अन्नाने चिंता बरी होते, असा छातीठोक दावा मात्र करता येणार नाही. या विषयातला सर्वाधिक गाजलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. भाज्या, कडधान्ये, फळे, मासे, सुकामेवा असा आहार बारा आठवडे घेतलेल्या गटातील सुमारे एकतृतीयांश रुग्ण बरे म्हणण्याजोगे झाले; नुसत्या गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. पण त्यात माणसे होती अवघी ६७, आणि तीही नैराश्याची. चिंतेविषयी एवढा नेमका पुरावा अद्याप नाही. चांगला आहार पायाखालची जमीन घट्ट करतो, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

विहाराच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे जरा दम लागेल असा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस म्हणजे रोजचे वीस-बावीस मिनिटांचे झपझप चालणे. सूर्यनमस्काराची सवय असलेल्यांना वेगळे काही शोधावे लागणार नाही. श्वासाचे सांगायचे तर मंद श्वास आणि त्याहून लांब उच्छ्वास यांनी हृदयाची गती उतरते, हे कोणालाही बसल्या जागी अनुभवता येते. येथे एक सावधगिरी हवी. कपालभाती, भस्त्रिका यांसारख्या वेगवान क्रिया भीतीचे झटके येणाऱ्याने आपल्या मनाने करू नयेत. भराभर श्वास सोडण्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि तो माणूस शिबिराच्या सतरंजीवरच घाबरून जातो. एवढी घाई कशाला? लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाला प्रयोगशाळेत आणले, क्रियांचे परिणाम मोजले, नोंदले. योगाला मोजमापाचे वावडे असल्याचे त्यांनी कधी मानले नाही.

त्या मोजमापाचे अलीकडचे एक उदाहरण पचवायला थोडे कठीण आहे, तरीही सांगायला हवे. अमेरिकेत २२६ चिंताविकारग्रस्तांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुंडलिनी योगाचा अभ्यास करणाऱ्यांपैकी ५४ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली. केवळ ताणाविषयी माहिती दिलेल्या गटात ती ३३ टक्के होती. म्हणजे योग निश्चितपणे सरस. पण विचार आणि वर्तन यांना वळण देणारा मानसोपचार घेतलेल्या गटात हेच प्रमाण ७१ टक्के निघाले. योगाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यातला पहिला आकडा सांगून दुसरा लपवू नये. शिवाय विचारांना वळण लावण्याची ही पद्धत मराठीला परकी राहिलेली नाही. अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणला, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेने मानसिक आरोग्याची चर्चा घरोघरी नेली.

खरा धोका पुढेच आहे. एखाद्या शिबिरात दहा दिवस बरे वाटते. घरी परतताच कोणीतरी म्हणते, ‘आता त्या गोळ्या कशाला? सवय लागते त्यांची.’ आणि वर्षभर चाललेले औषध त्या दिवशी बंद होते. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरे. पण म्हणूनच त्या एकाएकी बंद करणे घातक ठरते. त्या हळूहळू उतरवाव्या लागतात, आणि ते काम लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे. इतर औषधांची सवय लागतेच असे नाही. तीही मधेच सोडली तर दुखणे उलटते. शेजाऱ्याची गोळी ‘अर्धी घेऊन बघा’ म्हणून देणे हा परोपकार नव्हे. अश्वगंधेसारखी वनस्पतीही वैद्याला न विचारता महिनोन्महिने घेऊ नये. ती थायरॉइडच्या औषधांत ढवळाढवळ करू शकते, आणि क्वचित का होईना, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कामधंदा थांबला, घराबाहेर पडणे बंद झाले, जगणे नकोसे वाटते असे शब्द तोंडून निघाले, तर आहाराची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

आता उरते ते घर. मधुमेह झाला की घरात गोड कमी होते, रक्तदाबाला मीठ कमी होते. चिंतेच्या रुग्णाला मात्र सगळी पथ्ये एकट्याने पाळायला सांगितली जातात. त्याने लवकर जेवावे, पण घरातला टीव्ही साडेदहापर्यंत चालू. त्याने लवकर झोपावे, पण त्याच खोलीत मुलगा हिंजवडीतल्या कंपनीसाठी अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री एकपर्यंत संगणकावर बोलत बसलेला. त्याने चहा कमी करावा, पण दर तीन तासांनी स्वयंपाकघरातून आल्याचा वास येतो. अशा घरात निग्रह आठवडाभर टिकतो.

आणि रुग्ण जर घरची गृहिणी असेल? मग तर पथ्याचा स्वयंपाकही तिनेच करायचा. सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेले, गार झालेले, ओट्याशी उभ्याने खायचे. सकाळी साडेपाचला डब्यांसाठी उठायचे. परदेशातल्या मुलीचा फोन तिकडे संध्याकाळ झाल्यावरच येतो, म्हणून पहाटे कानोसा घेत पडून राहायचे. तिला डॉक्टरांनी ‘वेळेवर जेवा, सात तास झोपा, रोज चाला’ असे लिहून दिले, तर तो कागद खरे म्हणजे तिच्या पतीच्या आणि मुलांच्या हाती द्यायला हवा. तिची सात तासांची झोप म्हणजे सकाळचे डबे दुसऱ्या कोणीतरी भरणे. तिचे चालणे म्हणजे ती बाहेर असताना कुकर दुसऱ्या कोणीतरी लावणे.

संघटनांनी, मंडळांनीही आपल्या वेळापत्रकाकडे पाहावे. रात्री साडेआठला सुरू होऊन अकराला संपणाऱ्या बैठका सातला सुरू होऊन साडेआठला संपवता येतात. बहुतेकांतली शेवटची पाऊण तासाची चर्चा दारातच उभ्याने होते, हे जाणकारांना ठाऊक आहे. संपर्काला आलेल्यापुढे चहाऐवजी ताक किंवा कोकम सरबत ठेवले, तर कोणाचा मान कमी होत नाही. आणि एखादा सहकारी महिनाभर बैठकीला आला नाही, तर ‘ढिला पडला’ असे म्हणण्याआधी एकाने त्याच्या घरी जाऊन यावे. गेल्यावर त्याला टेन्शन घेऊ नको असे न सांगता, झोप कशी लागते, जेवण केव्हा होते, डॉक्टरांना दाखवले का, एवढे विचारावे आणि दाखवले नसेल तर सोबत जावे.